दोन नंबरचं इंजिन

११ मार्च १९९६, सोमवार

मथुरा नापास झाली. दुसऱ्यांदा! म्हणजे संपलंच. दोनदा नापास झालेल्या शिकाऊ पायलटला कंपनी ठेवत नाही.

डोक्यातून जात नाही, म्हणून लिहून काढतो. सिम्युलेटरमध्ये बसून एक नंबरचं इंजिन तिनं नीट सुरू केलं. मग दोन नंबर. स्टार्टर दिला, वेग पंचवीस टक्क्यांवर आला, इंधनाचा लिव्हर वर केला, इंजिन पेटलं — आणि दहा-पंधरा सेकंदांत तिनं लिव्हर खाली ओढून इंजिन बंद केलं. परीक्षक कॅप्टन भीमाचार्य मागच्या खुर्चीत. त्यांच्या पडद्यावर इंजिन व्यवस्थित वेग घेत होतं. त्यांनी पुन्हा करायला लावलं. पुन्हा तेच! "चांगलं चाललेलं इंजिन बंद करते. घाबरते ही," एवढं बोलून उतरले.

"वेगाची सुई अडतीसवर अडकली होती, सर. मी घाबरली नाही," ती म्हणत राहिली.

यंत्राची देखभाल माझ्याकडे, म्हणून मला तपासायला सांगितलं. तेवढ्यात वीज गेली, ती दोन तासांनी आली. मग तीनदा इंजिन सुरू करून पाहिलं. तिन्ही वेळा सुई सरळ साठपर्यंत गेली. "दोष आढळला नाही" लिहून सही केली.

१२ मार्च

कॅन्टीनमध्ये मथुरा समोर येऊन बसली. नागपूरची आहे. इथे बहुतेक सगळे कानडी; अख्ख्या प्रशिक्षण केंद्रात मराठी बोलायला तिला मीच एकटा.

"सगळे मला खोटी पाडून राहिले, सर. वेग मध्येच थांबला की इंधन बंद करा, नाहीतर इंजिन आतून जळते — असंच शिकवलं ना आम्हाला? मग मी काय चुकली?"

काहीच चुकली नाही. सुई खरंच अडकली असेल, तर तिनं केलं तेच बरोबर. पण अडकली होती का?

"बघतो," म्हणालो आणि खाली मान घालून दहीभात संपवला. महिनाअखेरीला तिला घरी पाठवणार आहेत.

१३ मार्च

सकाळी वीस वेळा इंजिन सुरू केलं. वीसही वेळा ठीक.

१४ मार्च

अडकली!!

सकाळी आंघोळ करताना सुचलं — तिची परीक्षा यंत्र चार तास चालल्यावर झाली होती, आणि मी तपासलं ते वीज जाऊन सगळं थंड झाल्यावर. कालही सकाळी, थंड असतानाच. म्हणून आज दुपारी वर्ग सुटल्या सुटल्या, यंत्र बंद करण्याआधी आत चढलो. पहिल्यांदा ठीक. दुसऱ्यांदा ठीक. तिसऱ्यांदा सुई अडतीसवर आली आणि थांबली. इंजिनाचा आवाज चढतोय आणि सुई ढिम्म! मी मोजत होतो. अकरा आकडे झाले. मग एकदम उसळून साठवर गेली, काही झालंच नाही अशी.

खाली येऊन कपाट उघडलं. ती सुई चालवणारं सर्किटचं कार्ड बाहेर काढलं. बोटाला चटका बसला. भिंगाखाली धरलं — सोल्डरच्या एका ठिपक्याला केसाएवढी चीर. तापलं की उघडते, थंड झालं की मिटते.

ते सोल्डर माझं आहे. जानेवारीत हे कार्ड बिघडलं होतं. नवीन आलेलं नव्हतं, तपासणी तोंडावर. मी तेच डागडुजी करून बसवलं आणि रजिस्टरात लिहिलं, "नवीन कार्ड बसवले." माझ्या हातानं!

१५ मार्च

व्यवस्थापक गुंडोरावांना सांगितलं. त्यांनी आधी उठून दार लावलं.

"नवीन कार्ड परवाच आलंय. बसव आणि गप्प रहा. रजिस्टरात ते जानेवारीतच बसलंय, नाही का?"

"आणि ती मुलगी?"

"स्वल्प विचार कर, पद्मनाभ. रजिस्टर खोटं निघालं तर केंद्राला कुलूप लागेल. एका मुलीसाठी?"

बसवलं. यंत्र पाच तास तापवून पाहिलं, सुई सरसर वर जाते. जुनं कार्ड त्यांनी माझ्यादेखत कचऱ्याच्या डब्यात टाकलं. ते गेल्यावर मी काढून घेतलं. का, माहीत नाही.

१७ मार्च, रविवार

जेवण गेलं नाही. बायकोनं, संध्यानं, विचारलं, तेव्हा सगळं सांगून टाकलं. ती भांडी पुसत होती. पुसतच राहिली.

"नोकरी जाईल?"

"जाईल."

"मग ठरवलंच आहे तर मला कशाला सांगता?"

ठरवलेलं नाही. हे तिला सांगायची लाज वाटली.

१८ मार्च

व्हरांड्यात मथुरा दिसली. मी मागच्या जिन्यानं गेलो.

२० मार्च

युगादी, म्हणजे आपला पाडवा. पूजा झाली, कडुनिंब-गूळ खाल्ला आणि कुणाला न सांगता भीमाचार्यांच्या घरी चालत गेलो. बसवनगुडीतच, आमच्यापासून चार गल्ल्या. ते धोतरात होते, घरात पाहुणे. टेबलावर कार्ड ठेवलं आणि लिहून नेलेला कबुलीचा कागद दिला. दोनदा वाचला त्यांनी.

"हे तूच लिहिलंस?"

"हो, सर."

मला वाटलं ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"मी माझ्या पडद्याकडे बघत होतो," ते म्हणाले. "मान वर करून तिच्या समोरची सुई बघितली नाही. दोन्ही वेळा नाही." मग उठले. "सरी, ठीक आहे. उद्या ऑफिसात ये."

आतून त्यांच्या पत्नीनं जेवायला थांबायचा आग्रह केला. थांबलो नाही.

२५ मार्च

निलंबित. चौकशी होईपर्यंत केंद्राच्या आवारात पाऊल ठेवायचं नाही. आपल्याला काहीच माहीत नव्हतं, असं गुंडोरावांनी लिहून दिलंय! जुना पहारेकरी फाटकापर्यंत सोबत आला, माझ्याकडे न बघता.

मथुराची परीक्षा रद्द. शुक्रवारी नव्यानं.

२९ मार्च

चार वाजता फोन. "सर, पास झाली मी!" आणि लगेच, "तुमचं काय होईल?"

"बघू," म्हणालो.

संध्यानं माझ्या तळहातावर साखर ठेवली. पंधरा दिवसांत आज पहिल्यांदा पोटभर जेवलो.

६ एप्रिल, शनिवार

दुपारी भीमाचार्य घरी आले. चपला न काढता तसेच आत.

आज सकाळी प्रवासी भरलेल्या विमानाचं दोन नंबरचं इंजिन सुरू करताना वेगाची सुई मध्येच थांबली. खरी थांबली, इंजिनाचा वेगच अडकला होता. सहवैमानिक आमच्याकडून फेब्रुवारीत पास झालेला. त्यानं इंधन बंद केलं नाही, वाट बघत बसला. इंजिनाला आग लागली. खाली उभा असलेला मेकॅनिक होरपळलाय. वाचेल की नाही, सांगता येत नाही.

का थांबलास, असं त्याला विचारलं. तो म्हणाला, "सिम्युलेटरमध्ये ती सुई अशीच अडकते. जरा थांबलं की सुटते. आम्ही सगळे थांबायचो."

जानेवारीपासून, मथुराच्या आधी, आमच्या केंद्रातून अकरा जण पास झाले. एकानंही सुईबद्दल तक्रार केली नाही. आणि मलाही एकदाही सुचलं नाही की पास झालेल्यांचं काय!

त्याला सोडून दहा नावं आठवून लिहून दिली, त्यांना सावध करायला. सात जणांना फोन लागले. तिघं आत्ता कुठल्या विमानतळावर आहेत, कुणाला माहीत नाही.