बोथट दातांची सहावी

४ जून

दोन किडे एकमेकांपासून किती वेगळे असले म्हणजे त्यांच्या प्रजाती वेगळ्या? माझ्या मार्गदर्शक मॅडमनी आज संस्थेत सहज विचारलं आणि मी भाषण ठोकलं. पायांचे दात, डोक्याची कड, पंखांवरच्या रेषा. त्या शांतपणे ऐकत होत्या. घरी येताना कळलं की उत्तर दिलंच नाही. कारण उत्तर मला माहीत नाही! वहीबाई, तुला सांगायला काय हरकत आहे? तू थोडीच मार्क देणार आहेस.

पण मजेत आहे. काम सुरू झालं. शेणात राहणाऱ्या भुंगेऱ्यांचा एक छोटासा जीनस, जगाला माहीत असलेल्या प्रजाती फक्त पाच. त्यांचं शरीर नखशिखांत तपासायचं, चित्रं काढायची, कोण कोणाहून कसा वेगळा ते ठरवायचं. बाबांना सांगितलं, जीनस म्हणजे आडनाव आणि प्रजाती म्हणजे नाव.

"म्हणजे एका घरात पाच भावंडं. आणि तू तिथे काय करतेस?"

"कोण कोण आहे ते लिहिते."

"शिरगणतीवाली! एवढं शिकून शेणात हात." पण हसत होते. घरातली पहिली पदवीधर आहे मी, मला सगळं माफ!

९ जून

दिवसभर एकच मिशी काढली. तिच्या टोकाला तीन पात्या असतात, पंख्यासारख्या उघडतात आणि मिटतात. त्यांनीच तो वास घेतो. अख्खा किडा तांदळाच्या दाण्याहून लहान आणि त्याच्या मिशीला हा थाट!

डोकं म्हणजे पुढे आलेली चपटी ढाल, फावड्यासारखी. मध्यभागी एक खाच. पाठीवर बारीक ताठ केस. पुढच्या पायांच्या नळीवर बाहेरून तीन दात. खणायला. पोटाखालचे सांधे अजून जमत नाहीत, पेन्सिल घसरते.

शेजारच्या टेबलावरचा फुलपाखरूवाला म्हणाला, "माझी उडून जातात तरी बरी दिसतात. तुझे तर मेल्यावरही शेणच उकरतायत."

म्हटलं, "तुझी नुसती मिरवतात. माझे काम करतात."

१६ जून

सापडली!! सहावी!

जुन्या कपाटात, 'अनिश्चित' लिहिलेल्या खणात, टाचणीला लावलेले चार भुंगेरे. अंगाने तिसऱ्या प्रजातीएवढे. पण पुढच्या पायावर दात दोनच, तेही बोथट. डोक्याच्या ढालीला खाच नाही, कड सरळ. पाठ टकली, एक केस नाही. तीन-तीन फरक! आमच्या ओळखीच्या किल्लीत (पायरीपायरीने प्रश्न विचारत प्रजातीपर्यंत नेणारी ती यादी) हे कुठेच बसत नाहीत.

मॅडमना बोलावलं. बराच वेळ भिंगाला डोळा लावून होत्या. मग म्हणाल्या, "मी तुझ्याच वयाची होते, पाचवी सापडली तेव्हा. रात्रभर झोप नव्हती." त्यांच्या टेबलामागे भिंतीवर त्या पाचवीचा फोटो आहे, चौकटीत. जगात तिचा एकच नमुना, तो त्यांच्या कुलपात. नाव त्यांनी आपल्या गुरुजींचं दिलंय.

"नाव काय ठेवणार?" त्यांनी विचारलं.

मी विचारही केला नाही. आईचं. शेवटी लॅटिनचं छोटंसं शेपूट लावलं की झालं.

१७ जून

आईला सांगितलं. आई हॉस्पिटलच्या धुलाई खात्यात आहे, नुकतीच कामावरून आली होती. आधी तिला वाटलं मी चेष्टा करतेय.

"माझं नाव? किड्याला?"

"कायमचं. मी नसेन तेव्हाही राहील. जगात कुठेही पुस्तक उघडलं तर."

"शेणातल्या किड्याला!" पदर तोंडाला लावून हसत सुटली. मग आत गेली, आणि बराच वेळ बाहेर आली नाही. चहा मात्र नेहमीपेक्षा गोड झाला.

२१ जून

मावशीने गल्लीभर केलं. दुकानदारही विचारतो, "ताई, किडा कधी छापून येणार?" बाबा म्हणाले, "कशात काय अन् फाटक्यात पाय." खरंय. अजून एक ओळ लिहिली नाही मी. पण चालताना पाय जमिनीला लागत नाहीत हेही खरं.

३ जुलै

अडलं. चार प्रजातींचे नर गरम पाण्यात मऊ करून त्यांची जननांगं काढून पाहिली, प्रत्येकाचं वेगळं. कुलुपाला एकच किल्ली लागावी तसं. प्रजाती ओळखायचा सगळ्यात पक्का पुरावा तोच. पाचवीचा मात्र नरच नाही, मॅडमचा एकुलता नमुना मादी आहे. म्हणजे पुरावा चारांचाच.

आणि माझ्या सहावीच्या चारही माद्या!

फुलपाखरूवाला: "चार बायका आणि नवरा बेपत्ता. पोलिसात कळव."

मॅडम म्हणाल्या, 'नर अज्ञात' लिही, चालतं. चालतं. मग खटकतंय कशाला?

१० जुलै

आई आज चिडून घरी आली. खात्यात हजेरीचं नवीन मशीन बसवलंय, अंगठा टेकवायचा. सगळ्यांचा घेतला, आईचा घेईना. पुसून टेकवला, ओला करून टेकवला. मशीन आपलं एकच— नोंद सापडली नाही.

"साहेब म्हणतो, मावशी, तुम्ही त्याच का? म्हटलं, नाही रे बाबा, मी माझी जुळी बहीण!"

आम्ही पोट धरून हसलो. मग मी तिचा अंगठा हातात घेतला, सवयीने खिशातलं भिंग काढलं. गुळगुळीत. इतक्या वर्षांचा सोडा, गरम पाणी आणि चादरी. एक रेघ शिल्लक नाही.

"काय बघतेस? मी सहावी का?" आई म्हणाली.

हसता हसता मी पुन्हा अंगठ्यावर भिंग धरलं.

११ जुलै

दात. खाच. केस. तिन्ही झिजणाऱ्याच गोष्टी आहेत.

१२ जुलै

चारही टाचण्यांखालच्या चिठ्ठ्या पाहिल्या. चौघीही हंगाम संपता संपता पकडलेल्या. तिसऱ्या प्रजातीचे सगळे धारदार नमुने मात्र हंगामाच्या सुरुवातीचे. कपाळावर हात मारला.

पण अंदाज म्हणजे पुरावा नव्हे. संस्थेमागच्या कुरणात घोडे चरतात, तिथे चाळणी घेऊन गेले. तिसऱ्या प्रजातीचे ताजे, तीन टोकदार दातांचे भुंगेरे पकडले. दोन बरण्या केल्या. एकीत खरखरीत वाळू, दुसरीत चाळलेली मऊ माती. शेण दोघींत सारखं. खिडकीत ठेवल्या. फुलपाखरूवाल्याने नाक धरून खुर्ची दुसऱ्या टोकाला नेली.

घरी काही बोलले नाही. मावशीची पेढ्यांऐवजी साखर वाटून झालीय.

२० जुलै

खणतात. मऊ मातीवाले आरामात, वाळूवाले हट्टाने. बघताना वेळ कसा जातो कळत नाही. माझ्या स्वप्नाला कानस लावताहेत आणि मला त्यांचं कौतुक वाटतंय! वेडीच आहे मी.

२ ऑगस्ट

वाळूच्या बरणीतली एक मादी बाहेर काढली. तिसरा दात म्हणजे नुसता उंचवटा.

१४ ऑगस्ट

झालं. वाळूतले जेवढे वाचले त्यांचे दात दोन, बोथट. डोक्याची खाच सपाट. पाठ टकली. माझी सहावी, हुबेहूब! त्यांत एक नरही आहे, त्याचंही जननांग तिसऱ्या प्रजातीचंच. मऊ मातीतले अजून तीन दातांचे, केसाळ.

सहावी नाही. सहावी कधी नव्हतीच. तिसरीच्या म्हाताऱ्या बायका होत्या त्या, आयुष्यभर खणून दमलेल्या.

खिडकीत बसून थोडी रडले. मग भूक लागली. डबा पूर्ण संपवला.

१६ ऑगस्ट

मॅडमना दोन्ही बरण्या दाखवल्या. वाटलं होतं, चेहरा उतरेल. त्या आळीपाळीने दोन्ही भिंगाखाली बघत राहिल्या आणि मला पाठीत धपाटा घातला, चांगला जोरात.

"नवी प्रजाती कोणीही काढतं ग. बारीकसा फरक दिसला की ठेव नाव. असलेली पुसायला कलेजा लागतो." मग चष्मा काढून पुसत म्हणाल्या, "मी आजवर एकही पुसली नाही."

निबंध झिजेवर लिही म्हणाल्या. पहिलं नाव माझं.

१७ ऑगस्ट

आईला सांगितलं. भाजी चिरत होती.

"म्हणजे किड्याला माझं नाव नाही?"

"नाही. तो किडाच वेगळा नाही. झिजलेला आहे नुसता."

"मग मशीन चुकलं म्हण की!" सुरी खाली ठेवली, माझ्याकडे बघितलं. "बरं झालं बाई. तुझी मावशी मला हाक मारायची, ए शेणकिडे."

मग थोड्या वेळाने, सुरी-ताट आवरताना, "आणि तू शोधलंस ते? तो झिजलेला आहे हे?"

"मीच."

"मग झालं तर. त्याला नाव लागत नाही."

हजेरीच्या मशीनवर आता तिची करंगळी घेतात. करंगळीच्या रेघा शाबूत आहेत.

२३ ऑगस्ट

निबंध जवळजवळ पूर्ण. चित्रंही सुरेख आली आहेत, पोटाचे सांधेसुद्धा! शेवटी नवी किल्ली लिहायची राहिलीय. जे झिजतं ते किल्लीत घ्यायचं नाही, असं ठरवलं. पंखांवरच्या रेषा, मिशीच्या पात्या आणि जननांग, बस्स.

पहिली प्रजाती किल्लीतून नीट गेली. दुसरी, तिसरी, चौथी गेली. पाचवी दुसरीच्या जागी जाऊन बसते. पुन्हा केलं. पुन्हा तिथेच.

२४ ऑगस्ट

मॅडमच्या पाठीमागचा फोटो. दात बोथट. कड सरळ. पाठ टकली. इतके दिवस रोज समोर होता!

२५ ऑगस्ट

कुलपातला नमुना मागितला. मॅडमनी किल्ली दिली, का ते विचारलं नाही. दुसरी प्रजातीच. पंखांच्या रेषा मोजल्या, मिशीच्या पात्या मोजल्या, दोनदा. हंगामाच्या अखेरीस सापडलेली म्हातारी मादी.

उद्या लिहू की परवा, की त्या निवृत्त झाल्यावर? फुलपाखरूवाला म्हणाला, "तुझ्या जागी मी असतो तर मला पाचातली एक वजा करताच आली नसती." आज पहिल्यांदाच त्याने चेष्टा केली नाही.

२७ ऑगस्ट

निबंधात प्रजाती चार लिहिल्या. छापून सकाळीच मॅडमच्या टेबलावर ठेवला, वर वाळूची बरणी. पळून जायचा विचार होता. गेले नाही. खुर्ची ओढून समोर बसले. त्या आल्या, आणि नेहमीसारखं शेवटचं पान आधी उघडलं, किल्लीचं.