भागूबाईला धीट करायचा प्रोग्राम

३ सप्टेंबर, सोमवार
आमच्या भागूबाईच्या (वय वर्षे नऊ) टीचरचा फोन. नवीन शाळेत तीन महिने झाले, तरी पोरगी मधल्या सुट्टीत एकटी बसते, वर्गात तोंड उघडत नाही. कुणी त्रास देतंय का, घरी हळूच विचारा म्हणाल्या.
अकरा वर्षं ड्रायव्हिंग शिकवतोय. स्टिअरिंग धरून थरथरणाऱ्या माणसांना हायवेला लावलंय. पोटच्या पोरीला धीट करणं म्हणजे हातचा मळ.
निश्चय : पंधरा दिवसांत रिझल्ट.

४ सप्टेंबर
जेवताना हळूच विचारलं, कोण छळतं गं तुला? कुणी नाही म्हणाली. म्हटलं, भागूबाई, बापापासून काय लपवायचं? ताट घेऊन खोलीत गेली. म्हणजे प्रकरण गंभीर आहे.
उरलेलं जेवण एकट्यानेच संपवलं. टीव्ही लावला. बघत नव्हतो, तेवढाच आवाज.

६ सप्टेंबर, सकाळी ६.१०
आरशासमोर उभं राहून 'मी शूर आहे' दहा वेळा म्हणायचं. भागूबाई एकदाच म्हणाली, तेही आरशाला ऐकू जाणार नाही अशा बेताने. उरलेल्या नऊ वेळा मी म्हटलं. मला बराच फरक जाणवतोय.

८ सप्टेंबर
ती आंघोळीला गेल्यावर दप्तर तपासलं. बापाला तेवढा हक्क आहे. वहीच्या कव्हरवर कुणीतरी काहीतरी लिहिलेलं, तिने खोडरबराने घासून कागद फाडलाय. पहिलं अक्षर 'भ' दिसतंय. भोपळा असणार. काडीसारख्या पोरीला भोपळा का म्हणतात, ते कळेना. पण हल्लीच्या पोरांना अक्कल कुठे असते.
नाव ठेवणारा सापडला की त्याची खैर नाही.

९ सप्टेंबर, रविवार
बायकोचा फोन. तिची बदली होऊन सात महिने झाले. तिला अख्खा प्रोग्राम समजावून सांगितला. ती म्हणाली, तू तिच्याशी जरा बोल. बोलतोच की म्हटलं. तर म्हणे, बोल म्हणजे तिचं ऐक.
मग फोन भागूबाईकडे. खोलीचं दार बंद. चाळीस मिनिटं आतून बोलणं चालू. एकदा हसलीसुद्धा. माझ्याशी दिवसाला चार शब्द. खरं सांगायचं तर वाईट वाटलं. घासलेली भांडी परत घासली.

११ सप्टेंबर
गाडी शिकायला येणाऱ्या बँकेतल्या बाईंनी चौथ्याच दिवशी गाडी बाजूला घेतली आणि उतरल्या. मला ब्रेकबाई म्हणत जाऊ नका, म्हणाल्या, पहिल्या दिवसापासून सांगायचं होतं. म्हटलं, अहो, प्रेमाने म्हणतो. टोपणनाव पडलं की भीती मोडते, ही आपली पद्धत आहे. त्यावर म्हणाल्या, तुमची मोडत असेल. आणि चालत निघून गेल्या. ब्रेक मात्र आज बरोबर दाबला होता.
लोकांना चेष्टा म्हणून सोसत नाही हल्ली.
डबा गाडीतच खाल्ला. सवयीने शिक्षकाच्याच सीटवर बसलो होतो. स्टिअरिंगपुढे कुणी नाही.

१३ सप्टेंबर
शाळेच्या गेटसमोर गुप्त पाळत. (गाडीच्या टपावर क्लासचा बोर्ड आहे, हे नंतर लक्षात आलं.) शाळा सुटली. भागूबाई एकटी. मागून तीन पोरं, एक जण गुडघे लटलट कापल्याची नक्कल करतोय. काचेमुळे ऐकू काही येईना. रक्त उसळलं. काच खाली केली आणि कचकून ओरडलो, आमच्या भागूबाईच्या वाटेला कुणी गेलं तर याद राखा.
अख्खं गेट हसलं.
ती गाडीत बसलीच नाही. घरापर्यंत चालत गेली, मी मागून पहिल्या गिअरमध्ये. एकदाही वळून बघितलं नाही.
पोरांना वचक बसला असावा.

१५ सप्टेंबर, सकाळी ११
टीचरनी बोलावलं. वर्गात सगळी बुटकी बाकं, माझे गुडघे हनुवटीला. आधीच सांगून टाकलं, हे नाव पहिल्यांदा ज्याने ठेवलं तो पोरगा मला हवाय. टीचरनी ड्रॉवरमधून एक कागद काढला. 'मला काय म्हटलेलं आवडत नाही' यावर सगळ्या वर्गाने लिहिलं होतं.
तिचं अक्षर सुरेख आहे. लिहिलं होतं, पहिल्या दिवशी मी गेटपाशी रडत होते. बाबा मोठ्याने म्हणाले, चल गं भित्री भागूबाई. सगळ्यांनी ऐकलं. तेव्हापासून सगळे तेच म्हणतात.
खाली बारीक अक्षरात : बाबांना सांगू नका. त्यांना वाईट वाटेल. घरात ते एकटेच असतात.
टीचर पाणी आणायला गेल्या. बऱ्याच वेळाने आल्या.

१६ सप्टेंबर, रविवार
या वहीची मागची पानं चाळली. पोरीचं नाव एकदाही नाही. नावाने हाक मारते ती फक्त तिची आई.
सकाळी स्वयंपाकघरातून तिला तिच्या नावाने हाक मारली. ओ नाही. परत मारली. तिसऱ्या हाकेला पळतच बाहेर आली, माझ्याकडे न बघता दाराकडे गेली. विचारलं, आई आली का?
म्हटलं, नाही. मीच.
बरं म्हणाली, आणि आत गेली.