बोटं उमटत नाहीत

न्हावरे, ता. शिरूर
१४ मार्च २०२५

चि. जेसिकास आईचा सलाम आणि पोटभर आशीर्वाद.

तुझी कंबर कशी आहे? रात्रपाळीला वॉर्डात उभं राहून दुखते म्हणाली होतीस. शेक घेतेस का नुसत्या गोळ्या गिळतेस? जावईबापूंचा खोकला गेला का? मॅथ्यूच्या दाढा आल्या का सगळ्या? त्याला म्हणावं, आजी रोज झोपताना तुझं नाव घेऊन प्रार्थना करते. मी बरी आहे. शेजारच्या गिताबाईचा गुडघा धरलाय, तोंड मात्र चालू आहे.

फोन असताना पत्र कशाला म्हणशील. फोनवर तू मधेच बोलतेस, मग मी गप्प बसते आणि सांगायचं ते राहून जातं. शिरूरचा व्हिसावाला ज्ञानेश माझी परत आलेली कागदं तुला कुरियरनं पाठवतोय, त्यातच हे घालते.

तर कागदांचं. वीट आलाय पोरी, वीट! तुमच्या त्या देशाचं नावसुद्धा घेऊ नये असं वाटतं. दोन वर्षं तिथं राहिले, रहिवासी म्हणून कार्ड दिलं, आणि चार महिन्यांसाठी म्हणून घरी आले तर कार्डाची मुदत इथंच संपली. आता स्वतःच्या लेकीच्या घरात परत शिरायला नव्यानं परवानगी काढा!

शिरूरला एसटी स्टँडासमोर ज्ञानेशचं दुकान आहे, पासपोर्ट-व्हिसाची कामं करतो. त्यानं आधी फोटो काढला. "आजी, हसू नका. दात दिसले की फोटो परत येतो. दोन्ही कान दाखवा." म्हटलं, "का रे, मला बघायला पाहुणे येणारेत का?" त्यावर तोच हसला आणि फोटो हलला.

मग जन्माचा दाखला. माझा जन्म दौंडचा, रेल्वेच्या क्वार्टरमधला. दौंडला गेले, तर म्हणाले इथं नोंद नाही, चर्चमधून बाप्तिस्म्याचा दाखला आणा. पाळकसाहेबांनी बिचाऱ्यांनी शोधून दिला, त्यात नाव निघालं हन्नाबाई. पासपोर्टात नुसतं हन्ना. परत शिरूर. हन्ना आणि हन्नाबाई ही एकच बाई आहे, असं माझ्याचबद्दल मी शपथेवर लिहून दिलं. उद्या म्हणतील, जिवंत आहे तेही लिहून द्या.

एवढं करून पुण्याच्या ऑफिसात गेले, तर बोटंच उमटेनात. काचेवर हात ठेवायचा, आणि पडद्यावर नुसतं पांढरं. तिथली मुलगी म्हणते, "आजी, दाबा." म्हटलं, "दाबतेच आहे बाई, आता काच फुटेल." शेवटी तिनं हात उलटा करून बघितला. "काय काम करता? रेषाच झिजल्यात. पंधरा दिवस हाताला काम लावू नका, क्रीम लावा, मग या."

मला कोणी अंगठाबहाद्दर म्हणू नये म्हणून स्तोत्रांच्या पुस्तकावरून एकेक अक्षर गिरवत मी वाचायला शिकले, सही शिकले. आता सही येते तर जो तो अंगठाच मागतो!

तुमच्याकडं कार्ड केलं तेव्हा बोटं पहिल्या फटक्यात उमटली होती, आठवतं? उमटणारच. भांडी मशीन धुवायचं, कपडे मशीन धुवायचं, आणि मी खिडकीत बसून समोरच्यांचा कुत्रा बघायचे.

तू फोनवर विचारलंस, एवढं काय काम करतेस? मी म्हटलं, कांदा. ते खरं आहे, गिताबाईच्या वावरात काटणी चालू आहे. पण कांदा एकटा नाही. म्हैस आहे. दिवाळीत घेतली. तुला सांगितली नाही. गिताबाईनं तेव्हाच टोकलं होतं, "हन्नाबाय, जायाचं हाय म्हन्तीस आन् दारात खुटा ठोकतीस?" मी म्हटलं, "जाईस्तोवर दूध होईल घरचं." ती म्हणाली, "व्हय, व्हय. मेंढरं हाकत आमची पिढी गेली, जानारा मानूस मला लांबनं कळतो."

तरी पंधरा दिवस मी हात जपले, देवाशपथ. रबरी हातमोजे घातले. धार गिताबाई काढायची आणि रोज टोमणा मारायची, "रानीसरकार, दूध कोमट करून देऊ का?"

मग तो शनिवार. रेशनकार्डाची केवायसी राहिली होती, अंगठा लागला नाही तर नाव कापतात. मारुतरावाच्या दुकानात माझा अंगठा परत आल्यापासून कधी लागला नव्हता. त्या दिवशी ठेवला आणि यंत्र बोललं. मारुतराव ओरडला, "उठला की हन्नाबाईंचा अंगठा!" रांगेतल्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. माझं नाव न्हावऱ्यात राहिलं. एवढा आनंद झाला की काय सांगू.

तो वळणापर्यंतच टिकला. मग मनात आलं, सोमवारी पुण्यालाही हीच बोटं उमटणार.

घरी आले, हातमोजे खुंटीला अडकवले आणि म्हशीखाली बसले. मग राख घेऊन सगळी कढई घासली, लख्ख होईस्तोवर. रविवारी उपासनेनंतर मी विळ्याला हात लावत नाही, तुला माहीत आहे. त्या रविवारी दिवस मावळेपर्यंत कांदा काटला. सोमवारी काच पांढरीच. ती मुलगी हळहळली, मीही तिच्याबरोबर "अरेरे" म्हटलं. ते खोटं होतं, जेसिका.

महिनाअखेरीला शेवटची तारीख मिळत होती. ती चुकली की रहिवासीपण गेलं. ज्ञानेशला मी घेऊ नको म्हणून सांगितलं. मॅथ्यूला माझ्यावर सोडून तू निर्धास्त रात्रपाळीला जायचीस, ते मी मोडलं. तुला राग येईल. यावा. पोरासाठी माझा जीव तुटतो, त्याचा स्वेटर अजून उशाशी आहे. पण तिकडं मी दिवसभर तुमची वाट बघायचे. इथं मला यायला उशीर झाला की दारात कोणीतरी हंबरतं.

ज्ञानेश म्हणतो, पाहुणी म्हणून येता येतं, त्याचा अर्ज वेगळा. बोटं त्यालाही लागतात. त्यासाठी मी हात जपीन. या वेळी खरोखर जपीन, कढईकडं बघणारसुद्धा नाही. तेवढे दिवस म्हैस गिताबाई बघेल, तिचे टोमणे मी ऐकून घेईन. मला राहायला बोलावू नकोस बाळा, यायला बोलाव.

रागाचं लिहायचं तर रागाचं लिही, चार ओळी लिही, पण लवकर लिही. तुझी चिठ्ठी हातात पडेपर्यंत मला घास गोड लागणार नाही.

तुझी आई,
हन्ना

(सही केली आहे. अंगठा तुझ्याकडं येण्यासाठी राखून ठेवते.)