वाढत्या अंगाचं

२ फेब्रुवारी, सोमवार

पोचले एकदाची! बॅगेचं चाक स्टेशनाबाहेरच निखळलं, त्यामुळे उरलेला रस्ता ती हट्टी पोरासारखी ओढत आणली. पण खोली पाहिली आणि सगळा शीण पळाला. कारखान्याच्या वरचीच खोली. खिडकीतून समोरच्या गच्चीवरचे वाळत घातलेले कपडे दिसतात आणि दाराला आतून चांगली जाडजूड कडी आहे. आईने फोनवर सगळ्यात आधी कडीचंच विचारलं. मग जेवलीस का, ते. आईचे प्रश्न दोनच, आणि क्रमही ठरलेला. कडी लावल्याचा आवाज तिला फोनवर ऐकवला तेव्हा कुठे बाईसाहेबांचा जीव भांड्यात पडला.

नोकरीचं लिहून ठेवते, कारण घरी ती कुणालाच धड समजलेली नाही. शेजारच्या मावशींना वाटतं मी शिवायला आलेय. माझ्या हातात सुई दिली तर मी कापडाऐवजी बोट शिवेन! माझं काम नुसतं उभं राहण्याचं. इथे बायकांचे तयार कपडे ढिगाने शिवतात, पण आधी एक नमुना शिवून जिवंत बाईच्या अंगावर घालून बघतात. बगलेत ओढतो का, बसल्यावर वर चढतो का. ती जिवंत बाई म्हणजे मी. कापड बेतणारे मास्तर वयस्कर आहेत, चष्मा कपाळावर आणि टाचण्या तोंडात. त्यांनी मला एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि टाचण्या न काढताच म्हणाले, की झकास, हेच अंग हवं होतं. असं मला जन्मात कुणी म्हटलं नव्हतं.

येताना आईने शिवलेला निळा झगा घातला होता. नेहमीसारखाच दोन बोटं मोठा. मी घोडी झाले तरी आई माझे कपडे वाढत्या अंगाचेच शिवते. मास्तरांनी बाही चिमटीत धरून पाहिली आणि हसून म्हणाले, की हात फार सुरेख आहे, पण लेक मोठी झाली हे त्या माउलीला कुणीतरी कळवा.

७ फेब्रुवारी, शनिवार

आज पहिलं माप. दर शनिवारी सकाळी मास्तर टेप लावतात, आकडा मोठ्याने सांगतात आणि काजकाकू तो फळ्यावर लिहितात. काजकाकू म्हणजे काज-बटणांच्या टेबलावरच्या बाई. जिभेला हाड नाही, मन मात्र मेणाहून मऊ. फळ्यावरच्या आकड्यांवर आठवडाभर कापड कापलं जातं. म्हणजे माझी कंबर हलली, की ओळखदेख नसलेल्या गावोगावच्या बायकांच्या कंबरा हलल्या. आहे की नाही रुबाब!

मला इथे सगळ्या धाकटी म्हणतात, कारण थोरली आधीच आहे. माप घ्यायच्या खोलीत कोपऱ्यात चादरीखाली एक कापडी पुतळा उभा असतो. आत कापूस, मानेच्या वर काही नाही. तीच थोरली. मी चादर उचलून म्हटलं, काय जाऊबाई, गुदमरत नाही का? तर बाहेरच्या सगळ्या मशिनी एकदम थांबल्या. मास्तर म्हणाले की तिला हात लावायचा नाही. रागावून नाही, हळूच म्हणाले. मग मशिनी पुन्हा सुरू झाल्या.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

पाणी बदललं की माझं पोट रुसून बसतं. यावेळी फारच रुसलं. नमुन्याची चेन लागेना तेव्हा काजकाकूंनी बाजूला घेऊन काय ते विचारलं आणि पर्समधली पोट साफ व्हायची, जुलाबाची एक गोळी दिली. एकदाच घे, नि भरपूर पाणी पी, असं दोनदा बजावलं.

२८ फेब्रुवारी, शनिवार

गेल्या शनिवारी कंबर केसभर वाढली होती. काजकाकू आकडा लिहिता लिहिता म्हणाल्या, धाकटीला इथलं पाणी मानवलं बरं का! सगळ्या हसल्या. मीही हसले. पण दिवसभर ते वाक्य कॉलरच्या आतल्या लेबलासारखं टोचत राहिलं.

म्हणून काल गोळी घेतली. पोटाची तक्रार नव्हती, तरी घेतली. आज आकडा खाली. एकीने शिट्टी मारली. मास्तर मात्र टेप डोळ्यांजवळ नेऊन पाहत राहिले. खूश झाले असतील. मोठ्या माणसांना कौतुक करायला लाज वाटते.

१७ मार्च, मंगळवार

आता डबी मीच विकत आणते. गोळीशिवाय पोट हलतच नाही, मग करणार काय? मोरीत भिंत धरून बसते, आतडी कुणी पिळून वाळत घालतंय असं वाटतं. पण नंतर असं हलकं हलकं वाटतं की सगळं माफ. आईचा फोन आला, जेवलीस का? जेवले म्हटलं. खोटं कुठे बोलले? जेवले होतेच. पोटात ठेवलं नाही, एवढंच.

२८ मार्च, शनिवार

मूर्खपणा केला. पोटऱ्यांत रोज गोळे यायला लागले म्हणून घाबरून गोळ्या एकदम बंद केल्या. दोन-तीन दिवसांत घोटे सुजले, बोटं फुगली, पोटाचा नगारा. आज मास्तरांनी टेप लावली आणि म्हणाले, वाढलीस गं धाकटे. बस, एवढंच. पण बेतलेला सगळा ढीग त्यांनी बाजूला सारला आणि बायका शिवणी उसवायला बसल्या. टर्र, टर्र, टर्र. माझ्यामुळे.

म्हणजे चरबी टपूनच बसली होती. गोळी सोडली की झालीच अंगावर स्वार.

संध्याकाळी पुन्हा घेतली. जास्त.

९ एप्रिल, गुरुवार

जिना चढताना मधेच बसावं लागतं. काजकाकू म्हणाल्या की तोंड बघ कसं चिपाडासारखं झालंय. मी म्हटलं, जळता का? पहिल्यांदाच त्या हसल्या नाहीत.

छातीत काहीतरी होतं. एक ठोका पडतो, दुसरा पडायचा विसरतो, मग तीन-चार घाईघाईने एकावर एक.

आणि थोरली. तिची चादर पंख्याने हलते, मला माहीत आहे. आज पंखा बंद होता.

१८ एप्रिल, शनिवार

मास्तरांनी टेप फेकून दिली! म्हणाले की जुनी झाली, ताणली गेली. ताणलेली टेप आकडा कमी दाखवते, म्हणून तर हल्ली माप दर आठवड्याला घसरतंय. पोरीचं अंग एवढं कसं घसरेल? नवी टेप आणायला सांगितलं. स्वतःच्या डोळ्यांनाही दोष देऊन झाला.

मनातून हसत होते, देवा, मला हसू येत होतं.

आरशात मात्र अजून तीच भोपळ्यासारखी बाई. टेपही खोटी आणि आरसाही, की मग —

२२ एप्रिल, बुधवार

दुपारी सगळ्या जेवायला गेल्या होत्या. मी थोरलीची चादर काढली. माझ्यापेक्षा बारीक असेल, असं वाटायचं मला. रोज थोडी थोडी बारीक होते, मला खिजवते. छातीवर हात ठेवला.

आत धडधडत होतं.

एक ठोका. मग काही नाही. मग तीन, घाईने.

किंचाळले असेन. हात काढला तरी धडधड हातातच होती. माझीच होती. थोरलीच्या छातीत कापूस, दुसरं काय असणार. खाली बसून रडले, तर डोळ्यांतून पाणीही धड येईना.

२७ एप्रिल, सोमवार

काजकाकू दंडाला धरून दवाखान्यात घेऊन गेल्या. डॉक्टरबाई मवाळ होत्या, ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या की अन्नातलं जे अंगी लागायचं ते आधीच लागून जातं. या गोळ्या त्याच्या पुढच्या आतड्यात काम करतात, काढतात ते पाणी आणि क्षार. त्या क्षारांवरच काळीज चालतं. ते फार खाली गेले तर काळीज चालता चालता थांबतं, आधी सांगत नाही. ती सूज चरबीची नव्हतीच, पाण्याची होती, धीर धरला असता तर उतरली असती. टेपला पाणी आणि चरबी यातला फरक कळत नाही, असं म्हणाल्या. आतडंही आळसावलंय, पण ते हळूहळू सुधारेल, आमच्या देखरेखीखाली. हे सगळं बरं होणारं आहे, असं दोनदा म्हणाल्या.

रक्त आजच तपासून घे, म्हणाल्या. आजच.

बाहेर येऊन काजकाकूंना सांगितलं की तपासणी उद्या आहे. तपासणीच्या खोलीत वजनकाटा होता. मी त्यावर उभी राहिले असते तर —

२ मे, शनिवार

लिहायलाच हवं.

नवी टेप. आकडा आणखी खाली. मास्तरांनी पुन्हा लावली, पुन्हा. मग टेप खरी की खोटी ते बघायला थोरलीची चादर काढली. स्वतः. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. तिचं माप त्यांना पाठ होतं. टेप लावली.

बरोबर निघालं.

टेप खरी होती.

मास्तर माझ्याकडे बघत राहिले. मग माझ्या अंगावरचा नमुना काढून थोरलीला चढवायला गेले. तिच्या खांद्यांवरून उतरेना. थोरली केवढी मोठी माझ्यापेक्षा! मोठी नाही. साधी, चांगल्या अंगाची मुलगी.

तोंडातल्या टाचण्या खाली पडल्या. मास्तर रडत होते.

काजकाकूंनी सांगितलं. माझ्याआधी एक होती. हीच खोली, हेच काम. तीही अशीच दर शनिवारी घसरत गेली, तेव्हाही मास्तरांनी टेप बदलली होती. ती माप देता देताच कोसळली, बाही अर्धी टाचलेली. रुग्णालयात पोचेपर्यंत नव्हतीच. मग मास्तरांनी हा पुतळा करून घेतला. ती पहिल्या दिवशी आली तेव्हाच्या मापाचा. शेवटच्या नाही. पहिल्या.

मास्तर म्हणाले, बारीक हो असं मी कधी म्हटलं होतं गं पोरी? तुझं काम आहे तशी राहण्याचं होतं. मला तू आलीस तशीच हवी होतीस.

कुणीच म्हटलं नव्हतं. खरंच. कुणीच नाही.

३ मे, रविवार

आईला सांगितलं. सगळं. ती म्हणाली, निघते. रात्रीच्या गाडीने. काही आणत नाही, तुला न्यायला येते.

मास्तरांनी दवाखान्यात फोन केला. डॉक्टरबाई म्हणाल्या आत्ता भरती करा. मास्तर गाडी घेऊन दारात. मी पलंग धरून बसले, किंचाळले, उद्या जाईन, आईबरोबर जाईन, आज नको. तो काटा — आई असली की उभी राहीन काट्यावर. एकटी नाही.

शेवटी हरले बिचारे. काजकाकू इथेच झोपणार आहेत.

डबी मोरीत रिकामी केली. भीती वाटते. सगळ्याचीच.

पण आई येतेय.

४ मे, सोमवार

सकाळ झाली. काजकाकू आईला आणायला गेल्या. मास्तर खाली आहेत. जाताना म्हणाल्या, पडून राहा, कडी लावू नकोस.

लावली. हात आपोआप गेला. आईची सवय.

निळा झगा घातला. खांद्यावरून घसरतो. हसले. आई बरोबर होती, अजून जागा आहे. वाढेन मी. भरून काढीन हा झगा, दोन बोटं काय —

ठोका. नाही. नाही. आता तीन.

आई! जिन्यावर आई. कुणाला तरी रागावतेय, जिना केवढा उभा, पोर चढत कशी असेल. तिचाच आवाज.

हाक मारली. आवाज फुटला नाही. हात चालतोय तेवढा.

दार वाजतंय. दाराबाहेरूनच विचारतेय, जेवलीस का?

नाही आई. खरं सांगते, नाही जेवले गं. भूक लागलीय. तू आलीस की जेवते —

ढकलतेय. कडी. जाड आहे ना, तुला आवाज ऐकवला होता.

उठतेय. पाय कुठे — थांब हं, आई, रडू नको, आलेच, कडी का