पाण्यावर सोन्याचा वर्ख

२ नोव्हेंबर १९९८
प्रदर्शनात यंदा माझं चित्र लागणारच. तीन वर्षं परत आलं, ते परीक्षकांच्या चष्म्यामुळे. शेजारच्या कुसुमची जलरंगातली चित्रं मात्र दर वर्षी भिंतीवर. कसली, तर रंग गेलेल्या परकरासारखी! शाळेत सिस्टर बर्नाडेट माझा हात धरून शिकवायच्या, कागदाचा पांढरेपणा राख, उजेड तिथूनच येतो. त्यांच्या हाताला साबणाचा वास यायचा. देवमाणूस. पण सोनं कुठे पाहिलं होतं त्यांनी?

४ नोव्हेंबर
सराफ बाजारातून सोनेरी वर्ख आणला. दुकानदार म्हणाला, "ताई, देव्हाऱ्याला का?" कलेला, म्हटलं. "बरं बरं," म्हणाला. या गावात हे असंच. गंगापूर धरणावरची संध्याकाळ रंगवून तयार आहे. आता पाण्यावर जरासं सोनं. जरासंच.

५ नोव्हेंबर
दुपारी तीनला डिंक लावला. श्वास रोखला. वर्ख उचलला. तेवढ्यात सूनबाईंनी पंखा लावला. "आई, उकडत नाही का हो तुम्हाला?" अर्धं धरण उडून ह्यांच्या टकलावर. हे झोपलेलेच. संध्याकाळी भाजीवाल्या यशोदाबाई ह्यांना म्हणाल्या, "साहेब, आज लय चमकता हो!" तेव्हा घराला कळलं. उद्यापासून पंखा बंद. शिस्त हवी.

७ नोव्हेंबर
पाण्यातलं सोनं एकटं दिसतं. डोंगरालाही लावलं.

८ नोव्हेंबर
आकाशालाही. एक बगळा राहिला होता, त्याला वाईट वाटलं असतं. मग व्हार्निशचे दोन हात. कागदाचे कोपरे वळले, तो व्हार्निशचा दोष. हे म्हणाले, "पेढ्याचा बॉक्स आहे का गं?" सातपूरच्या कारखान्यात जन्मभर नटबोल्ट मोजले, दुसरं काय बोलणार!

१२ नोव्हेंबर
प्रदर्शनाचा फॉर्म भरला. यंदा नवाच छापलाय. वय: बायकांना विचारू नये. रेघ मारली. माध्यम: यात विचारायचं काय? 'इंग्रजी'. पहिलीपासून अकरावीपर्यंत. ठळक लिहिलं. कुसुमला बिचारीला 'मराठी' लिहावं लागलं असेल.

१९ नोव्हेंबर
निवड झाली! वर उत्तेजनार्थ बक्षीसही. लगेच कुसुमला फोन. "अय्या, खरंच?" म्हणाली. जळली. येवल्याची पैठणी काढून ठेवली.

२२ नोव्हेंबर, रविवार
मोठ्या दालनात कुसुमची दोन चित्रं. खाली चिठ्ठी: 'माध्यम: जलरंग'. ती मी दोनदा वाचली.
माझं दिसेना. सूनबाईंनी शोधलं. जिन्याखालची खोली. दारावर पाटी: 'शालेय विभाग, इंग्रजी माध्यम'. एका बाजूला कुणाचा तरी गणपती, दुसऱ्या बाजूला ट्रॅफिक सिग्नल, मध्ये माझं धरण. एका कोपऱ्यात वर्ख सुटून बोटभर पाणी उघडं पडलं होतं. शेजारी पेन्सिलीने परीक्षकांचा शेरा: 'इथलं पाणी फार सुरेख. मोठी झालीस की चमक लागणार नाही.'
माईकवरून माझं नाव पुकारलं. आधी 'कुमारी' लावून. सूनबाई म्हणाल्या, "आई, घरी जाऊ या का?" पैठणी नेसून आले होते. रांगेत उभी राहिले. पुढची दोन वेण्यांची मुलगी वळून म्हणाली, "आजी, तुमच्या नातीचं बक्षीस का?"
हो म्हटलं. ताप आलाय तिला.