ऑनरच्या तिकिटावर

क्लीव्हलँड, ७ ऑक्टोबर १९७१

ती. अट्रॅक्टाताईस लोरेटाचा सा. न. वि. वि.

आपण कधी भेटलो नाही, तरी सख्ख्या मावसबहिणी. तुमचा पत्ता अ‍ॅकिल बेटावरच्या चर्चच्या फादरांनी दिला. माझी आई, ऑनर किलबेन, मार्चमध्ये गेली. कपाटात एक जपमाळ आणि १९१२च्या बोटीच्या तिकिटाचा तुकडा निघाला, बाकी काही नाही. फादरांच्या वहीत ऑनरचा बाप्तिस्मा १८९३चा आहे; आई तर स्वतःला दोन वर्षांनी लहान सांगायची. वय चोरत असेल म्हणून मला हसू आलं. थडग्याचा दगड तयार आहे, साल तेवढं कोरायचं राहिलंय.

मी लहान असताना आई गावच्या बहिणीचं, ऊनाचं, नाव काढायची. ऊनामावशी म्हणजे तुमची आईच ना? हयात असतील तर आईचं खरं जन्मसाल विचारून कळवाल का?

लहान बहिणीवर लोभ जडावा, ही विनंती.
लोरेटा

डुएगा, अ‍ॅकिल, २० ऑक्टोबर

चि. लोरेटास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मी आईला वाचून दाखवायला घेतलं. 'ऑनर मार्चमध्ये गेली' इथं आल्यावर तिनं हातातला चहा खाली ठेवला. ऑनर किलबेन गेलेली नाही गं. ती माझी आई, आता माझ्यासमोर चुलीपाशी बसली आहे. तुझी आई ऊना.

मला हे आजच कळलं. मामांनी अमेरिकेहून तिकीट पाठवलं ते थोरलीच्या, ऑनरच्या नावानं. जाणारी परत दिसायची नाही, म्हणून आपल्याकडे तिच्यासाठी मयतासारखं घर भरतं, तसं भरलं. रडून झालं, नाचून झालं. सकाळी गाडी दारात आली तर आई चुलीत जाळायच्या पीटच्या ढिगामागे लपून बसलेली. तिचं मन माझ्या वडलांत अडकलं होतं. गावाचा निरोप घेऊन झाल्यावर जात नाही म्हणायचं कुठल्या तोंडानं? तिकीट वाया जाऊ नये म्हणून आजोबांनी सतरा वर्षांच्या ऊनाला ऑनर म्हणून गाडीत बसवलं. आईनं तिला शब्द दिला, पुढच्या वसंतात मी येतेच. ऊनाची चार पत्रं आली. लाजेनं आईनं एकालाही उत्तर दिलं नाही.

डॉक्टर म्हणतात, आईचं हृदय थकलंय. ती एकच विचारते, ऊना माझ्याविषयी काय बोलायची? तिनं माफ केलं का? तू लिहिशील ते मी तिला वाचून दाखवीन. खोटं लिहिलंस तरी मी तुला बोल लावणार नाही.

तुझी,
अट्रॅक्टा

क्लीव्हलँड, ४ नोव्हेंबर

ती. ताईस सा. न. वि. वि.

तुमचं पत्र आल्यापासून मला राग आवरत नाही. पोलीस दिसला की आई रस्ता बदलायची. पासपोर्टचं नाव काढू द्यायची नाही, त्यामुळे गावी येणंही झालं नाही. आम्ही तिला भित्री म्हणून चिडवायचो. आता ते आठवलं की माझी मलाच लाज वाटते.

घरात एक पलंग रिकामा असायचा, ऊना, म्हणजे तुमची आई, येणार म्हणून. मी सहा वर्षांची असताना तिनं तो शेजाऱ्यांना देऊन टाकला आणि ते नाव पुन्हा घेतलं नाही. शेवटच्या आठवड्यात नर्स ऑनर म्हणून हाक मारी, तर ती म्हणे, मी ती नव्हे. आम्हाला वाटलं, भ्रम झालाय.

माफ केलं की नाही, मला माहीत नाही. केलं असं लिहून देणं माझ्याच्यानं होत नाही. दगडावर ऑनर कोरून झालंय. ते बदलायचं बळ माझ्यात नाही.

रागावलेली, तरी तुमचीच,
लोरेटा

डुएगा, १५ नोव्हेंबर

चि. लोरेटास आशीर्वाद.

पलंगाचं मी गाळणार होते. पण आईनं माझा चेहरा ओळखला, पत्र ओढून घेतलं आणि खिडकीशी बसून स्वतः वाचलं. दोन दिवस ती जेवली नाही. तू खरं लिहिलंस, ते बरं केलंस, एवढं म्हणाली. आज तिनं मला लिहायला बसवलं. तिचे शब्द जसेच्या तसे देते: "दगड बदलायला सांग पोरीला. माझं नाव तिच्या अंगावर मी घातलं. मेल्यावर तरी ते काढा."

लोभ असावा, हे लिहिताना आज हात अडतो. तरी लिहिते.

तुझी,
अट्रॅक्टा