गवतानं धरलेली वाळू

मंगळवार. नांदेडला परतल्यावर.

किनाऱ्याची वाळू वाहून जाऊ नये म्हणून समुद्रतळाशी लावायचं माझं प्लास्टिकचं गवत आधी मांजरा नदीच्या पात्रात लावून बघितलं. गवतानं वाळू धरली! आज जाऊन बघते तर जेसीबीनं सगळी उपसलेली, गवत काठावर फेकलेलं. टिप्परवाला हसत म्हणाला, "म्याडम, लई चांगली वाळू जमवली. अजून लावा की!"

लावा की म्हणे! पीएचडीच्या गाईडना फोन केला, तर म्हणाले, "म्हणजे प्रयोग यशस्वी. फोटो पाठव." कशाचा पाठवू, खड्ड्याचा?

टिप्परच्या वाटेत जाऊन बसले. तलाठ्याला फोन लावला, तो येईपर्यंत उठलेच नाही. त्यानं टिप्परकडं बघितलंसुद्धा नाही. मलाच विचारलं, "नदीत गवत लावायची परवानगी हाय का?"